बंद टीव्हीवरचा लाल दिवा

बुधवार पेठेत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना बंद टीव्हीवरचा लाल दिवा बघवत नसे. "अहो, झोपलाय म्हणता, पण खातोय ना!" म्हणत. रिमोटने टीव्ही बंद केला की वीजच तोडणारी डबी त्यांनी बनवली होती. पुन्हा लावताना मात्र उठून तिचं बटण दाबावं लागे, म्हणून कुणी घेईना. मी भिडेखातर घेतली.

एकदा ते आमचा टीव्ही दुरुस्त करायला आले. टीव्हीमागे डबी खोक्यातच पडलेली त्यांना दिसली. जाताना त्यांनी टीव्हीचं भिंतीवरचं बटण तेवढं बंद केलं.

ते जिना उतरतात तोच मी रिमोट दाबला. टीव्ही लागेना. "काय कटकट आहे!" म्हणत उठलो.

आता त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. आमच्या घरात असे सात लाल दिवे जळतात.