नऊ सह्या

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला सुलेखा पाटणकरला संसदेच्या समितीपुढे पाच मिनिटं बोलायचं होतं. व्हिडिओवरूनच, पण त्यासाठी तिनं हॉस्पिटलमधून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला घड्याळ टेकवून चार वेळा सराव केला होता. बुधवारी दुपारी ईमेल आला. सुनावण्या रद्द. सरकारनं ते विधेयक समितीकडून परत घेतलं होतं आणि ‘अर्जन्सी’खाली, म्हणजे सुनावण्या न घेता घाईघाईनं, शुक्रवारपर्यंत मंजूरही करून टाकलं. फार्मासिस्ट हजर नसला तरी दुकानातून काही औषधं देता येतील, असा कायदा.

सुलेखा एकोणीस वर्षं ऑकलंडमध्ये हॉस्पिटल फार्मासिस्ट होती. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घ्या म्हणून लिहिलेली तिनं तीनदा पकडली होती. तिसऱ्या वेळचा तो म्हातारा अजूनही नाताळला कार्ड पाठवतो. हे सगळं तिनं सहा पानांत लिहिलं होतं. ती सहा पानं कुणी उघडूनही पाहिली नव्हती.

“इकडे असंच चालतं गं,” गुरुदत्त म्हणाला. तिचा नवरा सिव्हिल इंजिनिअर, स्वभावानं थंड. “बहुमत असलं की करतात.”

“करतात म्हणजे? ह्यांना घटना नाहीये का?”

तिनं शोधलं, आणि खरंच एका पुस्तकात लिहिलेली अशी घटना ह्या देशाला नाही हे तिला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नागरिकत्वाची शपथ घेऊन बारा वर्षं झाल्यावर, कळलं. कायदे होते, माओरींशी झालेला जुना करार होता, प्रथा होत्या. पण साध्या बहुमतानं संसद त्यातलं जवळजवळ काहीही दोन दिवसांत बदलू शकत होती. इचलकरंजीच्या शाळेत प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘आम्ही भारताचे लोक’ छापलेलं असायचं. तिनं ते कधी मन लावून वाचलं नव्हतं. आता ते पान नाही म्हणून तिचा जळफळाट झाला.

माउंट रॉस्किलच्या लायब्ररीमागच्या खोलीत तिला नायरी रेनाता भेटली. साठीची माओरी वकीलबाई, चष्मा दोरीला लटकवलेला. तिला पुढच्या निवडणुकीत विरोधी पक्षाची उमेदवारी हवी होती. ऐकायला अकरा माणसं होती आणि त्यातली दोन पावसातून आडोशाला आलेली. नायरीचं म्हणणं एवढंच होतं, की लोकांचे हक्क आणि संसदेच्या मर्यादा एका ठिकाणी लिहून ठेवायच्या आणि त्या बदलायला तीन चतुर्थांश मतं लागावीत असा नियम करायचा.

“तुमचा पक्ष सत्तेत होता तेव्हा त्यानं अर्जन्सी वापरली नव्हती का?” सुलेखानं विचारलं.

“वापरली होती,” नायरी म्हणाली. “मला लाज वाटेल इतक्या वेळा. म्हणून तर उभी राहतेय.”

सुलेखानं तिथंच सभासदत्वाचा फॉर्म भरला.

त्यानंतर तिच्या रागाला काम मिळालं. शनिवारी सकाळी ती पत्रकं घेऊन निघायची. दारांत रबरी चपलांचे ढीग, कुंपणामागे भुंकणारी कुत्री, “नॉट टुडे, थँक्स” म्हणणारे म्हातारे. नायरी बोलायला लागली की लोक जांभया द्यायचे, हे सुलेखाला दिसत होतं. मग तीच मध्ये पडून आपल्या सहा पानांची गोष्ट सांगायची. लोक ती ऐकायचे. ह्या पक्षात उमेदवार ठरवायचा तर मतदारसंघातले सभासद एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये येऊन मत देणार होते, आणि मत त्यांनाच होतं ज्यांचा फॉर्म तीस दिवस आधी शाखेत पोचलेला असेल.

दुसरा उमेदवार नितीश होता. गृहकर्जाचा सल्लागार, मराठी मंडळाचा अध्यक्ष, चाळिशीतला, हसतमुख. कुणाच्या आईला विमानतळावरून आणायचं असो की कुणाला भाड्याचं घर हवं असो, नितीश गाडी घेऊन हजर. तो एक दिवस घरी जेवायला आला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, “वहिनी, तुम्ही त्या बाईंसाठी फिरताय म्हणे.”

“फिरतेय.”

“आपला माणूस पहिल्यांदा उभा राहतोय. पार्लमेंटमध्ये एक मराठी आवाज जाईल. घटना खाऊन पोट भरतं का हो? लोकांना घरं हवीत.”

“तुला घर देणारा कायदा उद्या दुसरा कुणी दोन दिवसांत फिरवेल, तेव्हा काय करशील?”

“तेव्हा बघू,” नितीश हसला. गुरुदत्तही हसला. सुलेखानं पिठल्याचं पातेलं उचलून आत नेलं, ते परत बाहेर आणलंच नाही.

निवडीला चार आठवडे उरले तेव्हा नायरीनं तिला आपल्या बाजूची निरीक्षक नेमलं. म्हणजे सभासदांची यादी तपासायचा हक्क मिळाला. प्रिस्क्रिप्शन वाचतात तशी ती बोट ठेवून यादी वाचत गेली. सप्टेंबरच्या एकाच दिवशी त्रेचाळीस माणसं सभासद झाली होती. तो दिवस मंडळाच्या गणेशोत्सवाचा होता. चौतिसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ऋचा पाटणकर. तिची मुलगी.

ऋचा सोफ्यावर लोळत होती.

“तू पक्षाची सभासद आहेस?”

“व्हॉट? नो!”

“गणपतीला काही भरून दिलंस का?”

“लकी ड्रॉचा फॉर्म. एअर फ्रायर होता ना प्राइझ. एव्हरीवन डिड, आई.”

“टेबलावर कोण बसलं होतं?”

ऋचा उठून बसली. उत्तर द्यायच्या आधी तिनं गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. तिथं गुरुदत्त गाडी पुसत होता.

सुलेखा तशीच अनवाणी गॅरेजमध्ये गेली. “तुला माहीत होतं?”

गुरुदत्तनं फडकं पिळलं. “नितीश म्हणाला नावं गोळा कर. मी केली.”

“फॉर्मच्या खाली काय लिहिलं होतं ते वाचलंस की नाही, एवढंच सांग.”

त्यानं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

“स्वतःच्या मुलीचं मत विकायला बसलास!”

“विकलं काय? कुणाचं काय गेलं? आपल्याच माणसासाठी...”

“माझं गेलं! तिकडे वेलिंग्टनच्या पार्लमेंटमध्ये मला न विचारता गेलं, आणि इथं माझ्या घरात, तुझ्या हातानं!” तिचा आवाज फाटला. शेजारच्या कुंपणापलीकडे कुणीतरी पाण्याचा पाइप बंद केला. जेवण त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापलं घेतलं.

पक्षाचा नियम स्पष्ट होता. सभासद होणाऱ्यानं स्वतः, समजून, अर्ज केलेला असला पाहिजे. पण ते सिद्ध करायला त्या माणसांचं लेखी निवेदन हवं होतं. सुलेखा दारोदार गेली. काहींनी दार उघडलं नाही. एका बाईनं चहा दिला आणि सही नाकारली, “घरातली धुणी बाहेर कशाला धुता?” म्हणाली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की आपलेच दात आणि आपलेच ओठ. दहा दिवसांत तिला सात निवेदनं मिळाली, त्यातलं एक ऋचाचं. सातांनी काही होणार नव्हतं.

अकराव्या दिवशी गुरुदत्तनं ऑफिसला जाताना तिच्या डब्याजवळ एक कागद ठेवला. त्याच्या सुबक, नकाशावरच्या अक्षरात लिहिलं होतं: टेबलावर मी होतो. लोकांना मी लकी ड्रॉ म्हणूनच सांगितलं. खाली पक्षाचं नाव बारीक अक्षरात होतं. मी ते वाचलं होतं.

“नितीश तुझ्याशी बोलणार नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला आणि बूट घालायला लागला. तिनं त्याला माफ केलं नव्हतं. पण त्या कागदाची घडी तिनं फार जपून घातली.

त्या कागदामुळे पक्षाच्या छाननी समितीनं त्रेचाळीसही नावं काढली. नितीशच्या बाजूनं लगेच उलटी तक्रार आली. नायरीच्या नऊ मतदारांचे फॉर्म मुदतीनंतर एक दिवसानं शाखेत पोचले होते.

हे खरं होतं, आणि ते का झालं हे एकट्या सुलेखाला ठाऊक होतं. त्या नऊ जणी तिच्याच हॉस्पिटलच्या नर्स होत्या. केरळच्या, फिजीच्या, एक टोंगाची. बुधवारी चहाच्या खोलीत त्यांनी सही केली होती. फॉर्म सुलेखाच्या पिशवीत होते. शुक्रवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, वॉर्डमध्ये तीन माणसं कमी होती; सुलेखा डबल शिफ्ट करून घरी गेली आणि फॉर्म शनिवारी सकाळी दिले.

पक्षाच्या समितीपुढे सुलेखा म्हणाली, “त्यांनी मुदतीच्या आत सही केलीय. वाचून केलीय. चूक माझी आहे, त्यांची नाही.” समितीतले तिघे एकमेकांकडे पाहायला लागले. त्यातल्या एकानं मान डोलावली. सूट मिळणार असं वाटत असतानाच नायरी उठली.

“नियमात ‘पोचलेला’ असा शब्द आहे,” ती म्हणाली. “ही नावं काढा.”

सुलेखाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

मतदानाच्या रविवारी नितीशला एकशे अठरा मतं पडली, नायरीला एकशे बारा. हॉलमध्ये ढोल वाजला. नितीशनं सगळ्यांना मिठ्या मारल्या. गुरुदत्तला सोडून.

पार्किंगमध्ये सुलेखानं नायरीला गाठलं. “सहा मतांनी हरलात. नऊ तुमच्या हातात होती!”

“हो.”

“त्या फसवणाऱ्यांना आणि माझ्या नर्सेसना तुम्ही एका तागडीत घातलंत!”

“फसवणूक वेगळी आणि उशीर वेगळा, हे मला कळतं,” नायरी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “पण मी वर्षभर लोकांना सांगतेय, की आपल्याला अडचणीचा झाला म्हणून नियम वाकवायचा नाही. पहिली अडचण माझी आली. मी काय करायला हवं होतं?”

“जिंकायला हवं होतं!” सुलेखा ओरडली आणि गाडीचं दार आपटून निघून गेली. मतदानाला येऊ नका एवढाच निरोप तिनं नऊ जणींना पाठवला होता; सोमवारी चहाच्या खोलीत तिला सांगावं लागलं, की फॉर्म आपल्यामुळे उशिरा पोचले म्हणून तुमची नावं कटली. टोंगाची नर्स, मेले नावाची, नुसती म्हणाली, “मी त्यासाठी मुलांना बहिणीकडे सोडायचं ठरवलं होतं.” त्या वाक्यानं सुलेखाला आठवडाभर नीट जेवण गेलं नाही.

दोन महिने ती नायरीशी बोलली नाही. मंडळाच्या दिवाळीचं आमंत्रण पाटणकरांना आलं नाही. गुरुदत्तला त्या दिवशी घर खायला उठलं. सुलेखानं करंज्या तळल्या आणि पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं.

मग शाखेची वार्षिक सभा आली. चिटणीसपद रिकामं होतं. फॉर्म घ्यायचे, तारीख घालायची, यादी ठेवायची. रटाळ काम, कुणाला नको असलेलं. सुलेखानं हात वर केला. नितीश पुढच्या रांगेत होता. त्यानं मागे वळून पाहिलं आणि हरकत घेतली नाही. घेता येण्यासारखी नव्हती. चिटणीस म्हणून तिनं पहिला ठराव मांडला, की यापुढे प्रत्येक नव्या सभासदाला शाखेनं स्वतः फोन करून विचारायचं: हा अर्ज तुम्हीच केलात का? दुसरा ठराव, की फॉर्मवरची सहीची तारीख धरायची, पोचल्याची नाही. पहिला मंजूर झाला. दुसरा पडला. विरोधात हात वर करणाऱ्यांत नायरी होती.

सभा सुटल्यावर नायरीनं विचारलं, “मला घरी सोडशील? माझी गाडी गॅरेजला आहे.”

सुलेखानं शेजारच्या सीटवरच्या फायली मागे टाकल्या. डॉमिनियन रोडच्या पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

“तो ठराव का पाडलात?” सुलेखानं विचारलं.

“सहीची तारीख कुणीही मागची घालू शकतं. पोचल्याची घालता येत नाही.”

“माझ्या नर्स खोटी तारीख घालतील?”

“तुझ्या नाही घालणार. पण नियम तुझ्या नर्सेसपुरता नसतो ना.”

“मग शुक्रवारी डबल शिफ्ट करणाऱ्या बाईसाठी नियम कोण करणार? तुमच्या त्या घटनेत तिची ओळ कुठे आहे?”

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. नायरीनं चष्मा काढला, दोरीनं गळ्यात सोडला आणि म्हणाली, “नाहीये. अजून कुणी लिहिलेली नाही. तू लिहून दे, मी त्यावर भांडेन.”

“भांडाच,” सुलेखा म्हणाली, आणि तिनं गाडी पुढे काढली.