बंद दुकानाचा थांबा

सिरसाळ्याहून दिंद्रुडकडं निघालात की डाव्या हाताला निंबमाळचा फाटा लागतो. द्राक्षाच्या दिवसांत शनिवारी-रविवारी त्या फाट्यावर उभं राहिलात, तर जी बघायला मिळायची ती वरात दुसरीकडं कुठं नसेल. पुढं पन्नाशी ओलांडलेली एक बाई. हिरवं लुगडं, घट्ट काष्टा, डोक्याला पिवळं हेल्मेट आणि त्या हेल्मेटवरून घेतलेला पदर. डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही हा तिचा नियम आणि हेल्मेट काढायचं नाही हा मालकाचा, म्हणून तिनं दोन्ही पाळले. तिच्यामागं पुण्या-संभाजीनगरची माणसं, गॉगल लावून, बॅटरीच्या सायकलींवर. आवाज नाही, धूर नाही, आणि सगळ्यांच्या पुढं ही बाई मान ताठ करून चाललेली.

ती छबुबाई. विजयसिंहांच्या बागेतली वाटाडी.

विजयसिंह म्हणजे बडी आसामी. माजलगाव धरणाच्या पाण्यावर सगळ्यांनी ऊस लावला तेव्हा यांनी माळावर वाइनची द्राक्षं लावली. लोक हसले. मग त्यांनी तिथंच वाइन काढायचा कारखाना टाकला, पाहुण्यांसाठी बॅटरीच्या सायकली आणल्या, आणि हसणारे आपापल्या पोरांना तिथं चिकटवता येतं का बघायला लागले. बागेतून निघायचं, धरणाच्या कडेनं जायचं, निंबमाळ गाव बघायचं, माळाचा चढ चढून परत यायचं आणि चिंचेखाली बसून वाइनची चव घ्यायची, अशी ती सहल.

छबुबाईला सायकल कुणी शिकवली, असं पाहुणे हमखास विचारायचे. ती सांगायची, "नवऱ्यानं." पाहुण्यांना लई कौतुक वाटायचं. खरं काय ते गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा त्रिंबक सायकलवर जायचा आणि देशी दारूच्या दुकानापुढं नालीत पडायचा. माणसाला दोघं-तिघं उचलून आणायचे, पण सायकल कोण आणणार? पहिले काही दिवस तिनं ती ढकलत आणली. मग एकदा तिचं डोकंच फिरलं. काष्टा खोचला, टांग टाकली, दोनदा आपटली, गुडघा फोडून घेतला आणि तिसऱ्यांदा घरापर्यंत चालवत गेली. पारावरची माणसं बघत राहिली. तिनं कुणाकडं बघितलं नाही.

त्रिंबक त्या दारूनंच गेला. त्याचे दिवस घालून झाले आणि छबुबाई उठली ती थेट बीबीजानच्या दारात गेली. बीबीजान बांगड्या विकायची, गावातलं प्रत्येक मनगट तिच्या ओळखीचं. दोघी घरोघर फिरल्या. गावातली दारू बंद करायची तर बायकांचं मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. निंबमाळच्या बायकांनी बाटली अशी आडवी केली की दुकानदार रातोरात गाव सोडून गेला. तेव्हापासून गावात एक चेष्टाच पडून गेली. कुणाच्या चुलीपाशी तेलाची बाटली उभी दिसली की शेजारीण विचारायची, "कावून गं, मत फुटलं का?"

आता अशी बाई वाइनच्या बागेत कामाला गेल्यावर गाव गप्प बसेल होय? आधी ती छाटणीला जायची तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण पहिला वाटाड्या पाहुण्यांना मागं सोडून एकटाच सुसाट निघून गेला, पाहुणे उसात हरवले, आणि मालकानं जी हाताशी होती त्या छबुबाईला सायकल देऊन धाडलं. तिनं सगळ्यांना गोळा केलं, दम दिला, वाटेनं बाग दाखवत परत आणलं. पाहुणे म्हणाले, आम्हाला याच मावशी पाहिजेत. झालं. त्या दिवसापासून पारावरच्या लोकांना विषय मिळाला.

"बाटली आडवी करणारी आता बाटली दाखवत फिरायली बे," एक जण तिला ऐकू जाईल असं म्हणाला.

छबुबाईनं ब्रेक दाबला. पाहुणे मागं थांबले. "मी बाटली दाखवत न्हाई, वेल दाखवते," ती म्हणाली. "आन् तुला बघायचं आसंल तर तिकीट काढ, मागं रांगंत ये."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पारावरचा तो बापडा पुढं आठवडाभर तिकडं फिरकला नाही. वाइन मात्र तिनं कधी जिभेला लावली नाही. चव कशी लागते असं कुणी विचारलं की म्हणायची, "मला द्राक्ष इचारा. पुढचं तुमचं तुमी बघा."

एक गोष्ट मात्र तिनं बीबीजानशिवाय कुणाला सांगितली नव्हती. तिचा त्या सायकलवर जीव जडला होता. निंबमाळचा तो माळाचा चढ तिनं जन्मभर पायांनी तुडवला होता. डोक्यावर सरपण, उसाचे वाढे, कधी पाण्याचा हंडा. बॅटरीची सायकल पहिल्यांदा त्या चढाला लागली आणि मागून कुणीतरी हात लावल्यासारखी वर गेली, तेव्हा माथ्यावर पोचून ती रडली होती. "इतकी वर्सं कुनी हात लावला न्हाई गं मला चढाला," ती बीबीजानला म्हणाली. बीबीजाननं तिचा हात हातात धरला आणि नेहमीच्या सवयीनं बांगड्या मागं-पुढं सारत बसली.

आणखी एक तिचा हट्ट होता. सहल गावात आली की पारापलीकडच्या गंजलेल्या शटरपुढं ती सगळ्यांना उतरवायची. "हे आमच्या गावचं बंद दुकान. आमी बायांनी बंद केलंय. हितं थांबायचं, बघायचं, मग पुढं." मालकाला हा थांबा आवडत नव्हता. वाइन प्यायला आलेल्या माणसांना दारूबंदीचं देऊळ दाखवायचं म्हणजे काय? त्यांनी दोन-तीनदा सुचवून बघितलं. छबुबाईनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं.

यंदा द्राक्षं भरली आणि विजयसिंहांच्या मनात नवंच भरलं. त्यांनी छबुबाईला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. एवढा मान मिळाला तेव्हाच तिला वास आला.

"बाई, ते बंद दुकान मी घेतोय. रंगवून घेऊ, पाहुण्यांना तिथंच वाइन विकायची. पण ग्रामसभेचा ठराव लागतो. बाया तुमच्या शब्दाबाहेर न्हाईत."

"पाहुन्यांना हितं मिळती की वाइन. गावात कावून पाहिजे?"

"धंदा वाढवायचा तर रस्त्यावर यावं लागतं. आन् ही काय दारू न्हाई, फळाचा रस हाय. तुमी स्वतः दाखवता ना लोकांना?" मग ते हसून म्हणाले, "ठराव झाला की दुकानाची चावी तुमच्याकडंच ठिवू. न्हाई झाला, तर ही सायकलीची सहल मला चालू ठेवून काय उपयोग, तुमीच सांगा."

मालक गोड बोलत होते, पण बोलणं सरळ होतं. दुकान आलं तर सायकल राहील, दुकान नाही तर सायकल नाही. छबुबाईचा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी बागेकडं जाताना तिनं त्या चढावर बॅटरी बंद केली आणि सायकल ढकलत वर नेली. सवय मोडली नाही ना, एवढं तिला बघायचं होतं.

बीबीजान म्हणाली, "तू हो म्हणलीस तरी मी काय बोलणार न्हाई. लई सोसलंयस तू." छबुबाईला त्या बोलण्याचा राग आला. सोसलंय म्हणून विकायला काढायचं का, असं ती फणकाऱ्यानं म्हणाली आणि उठून गेली. पण घरी जाऊन बराच वेळ उंबऱ्यावर बसली. तिला भीती वाटत होती. सायकल गेली तर पुन्हा कोयता, पुन्हा दुसऱ्याचं शिवार, आणि पारावरची माणसं दात काढणार ते वेगळंच.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. सरपंचांनी प्रस्तावना केली आणि विजयसिंह उठले. माणूस बोलायला हुशार. गावाचं नाव होईल, पोरांना काम मिळेल, बचत गटाला पापड-लोणचं विकायला जागा मिळेल, सगळं सांगितलं. शेवटी पिशवीतून त्यांनी वाइनची बाटली काढली आणि टेबलावर उभी केली. "ही आपल्या मातीतली वस्तू हाय. आन् तिच्याबद्दल मी कशाला सांगू? आपल्या छबुबाई रोज पाहुण्यांना सांगत्यात. त्याच बोलतील."

मालक चुकले ते इथं. सगळ्या तालुक्यात कुठंही बाटली उभी करा, कुणी बघणार नाही. निंबमाळच्या बायकांपुढं कुणी बाटली उभी करतं का? बायकांच्या बाजूनं एक कुजबूज निघाली आणि विरून गेली. विजयसिंहांना वाटलं, भाषण पटलं.

छबुबाई उठली. हेल्मेट काखेत होतं, ते तिनं खाली ठेवलं.

"मालक खोटं बोलत न्हाईत," ती म्हणाली. "बाग चांगली हाय. मी तिथं काम करते आन् मला त्याची लाज न्हाई. जे मला नावं ठेवत्यात त्यांनी तोंडावर येऊन ठेवावीत."

पारावरची मंडळी जमिनीकडं बघायला लागली.

"पन मी रोज बघते. बागेत पिणारी मानसं गाडीत बसून जात्यात. ड्रायव्हर आसतो, हाटेल आसतं. ती काय करत्यात ते माझ्या दारात येत न्हाई. गावातल्या दुकानात पिणारा कुठं जातो? तो घरी येतो. माझ्या घरी आलता. त्याची सायकल मी आणत हुते. तुमच्यातल्या कितीजनींनी काय काय आणलंय ते मला ठावं हाय, सांगायला लावू नका."

बायकांतल्या एकीनं पदर तोंडाला लावला.

"फळाचा रस म्हना न्हाईतर तीर्थ म्हना. गावात दुकान येनार न्हाई."

एवढं बोलून ती टेबलाजवळ गेली. बाटली उचलली आणि आडवी ठेवली. ती गडगडायला लागली तसं बीबीजान पुढं झाली, हात लावून थांबवली आणि तिथंच टेकून उभी राहिली. मग एक-एक करून बायका उठून टेबलाभोवती आल्या. सरपंचांनी हात वर करायला सांगायची गरजच उरली नाही. विजयसिंह आपली टोपी सारखी करत गाडीकडं गेले. बाटली न्यायची त्यांना आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी छबुबाई स्वतःच बागेवर गेली. कुणी निरोप धाडायची वाट तिनं बघितली नाही. सायकल शेडमध्ये लावली आणि चावी मालकांच्या टेबलावर ठेवली.

विजयसिंहांनी चावी परत तिच्याकडं सरकवली. "बाई, अजून वेळ गेली न्हाई. चुकून बोलले म्हना, सभा परत घेऊ. सायकल तुमची."

"चुकून न्हाई बोलले," ती म्हणाली. "सहल बंद करतो म्हणलतात. करा."

सहल काही बंद झाली नाही. पैसे भरून ठेवलेल्या पाहुण्यांना काय सांगणार? मालकांनी पुतण्याला, पप्पूला पुढं घातलं आणि त्याला बजावलं, गावात शटरपुढं थांबायचं नाही, सरळ निघायचं.

शनिवारी छबुबाईनं घरामागची त्रिंबकची सायकल बाहेर काढली. तो गेल्यापासून ती तिनं भंगारात दिली नव्हती आणि वापरलीही नव्हती. तिचा राग होता त्या सायकलवर. ढकलत सिरसाळ्याला नेली, मुस्तकीमच्या दुकानात. बागेतल्या बॅटरीच्या सायकली तोच दुरुस्त करायचा, त्यामुळं झालेलं सगळं त्याला माहीत होतं. त्यानं टायर बदलले, चेन आवळली, घंटीला तेल सोडलं.

"चढाला दम लागंल, मौसी," तो म्हणाला.

"लागू दे. दम हाय म्हनून लागतो."

सहल गावात आली तेव्हा बंद शटरपुढं जुनी काळी सायकल स्टँडवर उभी होती आणि शेजारी छबुबाई. पिवळं हेल्मेट नव्हतं, नुसता पदर होता. पप्पूनं वेग वाढवला. पण मागच्या पाहुण्यांत एक बाई मागच्या वर्षीही येऊन गेली होती. तिनं छबुबाईला ओळखलं आणि ब्रेक दाबला. तिच्यामागचे थांबले, मग सगळेच थांबले. पप्पू एकटाच पुढं निघून गेला, मागं कुणी नाही असं बघून वळला आणि कावराबावरा होत परत आला.

"मावशी, काकांनी सांगितलंय, हितं थांबायचं न्हाई."

"मग तू कावून थांबलास? जा की," छबुबाई म्हणाली. "मी तुमच्या बागेत उभी न्हाई. रस्ता सरकारी हाय."

पाहुणे सायकलींवरून उतरून जवळ आले होते. छबुबाईनं पदर सारखा केला आणि गंजलेल्या शटरवर हात ठेवला.

"हे आमच्या गावचं बंद दुकान," ती म्हणाली. "आमी बायांनी बंद केलंय. दोनदा."