डांबर फासलेली भिंत

उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या हेस्टविक गावातली घरं उभ्या फळ्यांची, तीन बाजूंनी लाल. पांढरा रंग महाग, म्हणून तो फक्त समुद्राकडच्या दर्शनी भिंतीला. ओलाउगचं घर टेकाडावर होतं. तिची पांढरी भिंत आणि मागचा चर्चचा मनोरा एका रेषेत आले, की नावाड्यांना खडकांमधली वाट सापडे.

एका हिवाळ्यात ओलाउगचा नवरा स्यूर आणि मुलगा त्याच वाटेच्या तोंडाशी बुडाले. ती खिडकीतून पाहत होती. बर्फ वितळल्यावर तिने होडीचं डांबर काढलं आणि ती भिंत काळी करून टाकली.

धाकटा दीर पेडर शिडीखाली येऊन उभा राहिला.

"वहिनी, हे काय मांडलंयस?"

"माझी भिंत आहे."

"आम्ही सगळे तिच्या खुणेवरून आत येतो गं."

"ते दोघंही तिच्यावरूनच येत होते. आले का?"

पेडर म्हणाला, "मला शिव्या घाल हवं तर. पण भिंतीवर कसला राग काढतेस?"

"रोज उठून तीच पाहायची मला. तू जा."

भिंतीऐवजी खूण म्हणून गावाने खडकावर पांढरं पिंप रोवलं. शरदातल्या पहिल्याच वादळाने ते नेलं. त्यानंतर एका संध्याकाळी, उजेड सरता सरता, पेडरची नाव खडकावर फुटली. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. पेडर दुसऱ्या दिवशी शेवाळात सापडला.

दफन झालं त्याच दिवशी ओलाउग पांढरा रंग घेऊन शिडीवर चढली. डांबर त्यातून पिवळं-तपकिरी फुटून वर आलं. तिने पुन्हा हात दिला, ते पुन्हा फुटलं. शेवटी तिने पहारीने फळ्या उचकटल्या. मदतीला कुणी आलं नाही. वाटेत भेटलेली माणसं बाजूला सरत. सगळा हिवाळा ती एकटीने नव्या फळ्या ठोकत होती, आणि थंडी ओसरल्यावर तिने त्या रंगवल्या.

तेव्हा पेडरची बायको मारेन टेकाड चढून आली. बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली.

"खालून दिसते," ती म्हणाली.

"आत ये, मारेन. कॉफी ठेवते."

"नको."

ती आली तशी उतरून गेली. पुढे दोघी म्हाताऱ्या झाल्या, पण मारेन त्या घराचा उंबरा कधी चढली नाही. ओलाउगनेही पुन्हा बोलावलं नाही. तिला शिडी चढवत होती तोवर ती भिंत रंगवत राहिली.