गादीवाल्याचं वजन

“वडिलांची गादी चालवतो,” असं गादीवाला स्वतःची ओळख करून देताना म्हणायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटायच्या आत खुलासा करून टाकायचा, की वडिलांचीही गादीच होती, राज्य नव्हतं.

वय एकसष्ट, वजन एकशे आठ. धंद्यातला त्याचा नेम एकच. स्प्रिंगा, त्यावर काथ्याचा थर, त्यावर फोम अशी रचना झाली, की कडा शिवण्याआधी तो स्वतः गादीवर उताणा पडायचा आणि पोटावर हात ठेवून शंभर आकडे मोजायचा. साठाच्या पुढे बहुधा घोरणंच ऐकू यायचं. बाकीचे कामावर झोपले की नोकरी जाते, आमचे हे झोपले की काम पुरं होतं, असं त्याची बायको सांगायची. तोही हसायचा. मनातून मात्र त्याला खात्री होती, की कडक गादी म्हणजे आधार आणि आधार म्हणजे आपण.

मग त्याची थोरली बहीण पडली. खुब्याचं मोडलेलं हाड जुळलं, पण तिला पलंगावर झोप येईना. महिनाभर ती खुर्चीत बसून रात्र काढत होती. पाय सुजून खांब झाले होते. आडवं व्हायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. आडवी होणार ती फक्त डाव्या कुशीवर, कारण उजवा खुबा दुखरा.

भावाने छाती फुगवून गादी केली. जाड तारेच्या स्प्रिंगा, काथ्याचे दोन थर, वर इंचभर फोम. स्वतः झोपून पाहिली. उत्तम. पोचवलीसुद्धा.

तीन दिवसांनी ताई परत खुर्चीत. याने फोनवरून तिला हाडांचं शास्त्र ऐकवलं, सवय होईल म्हणून सांगितलं. आठवड्याने भेटायला गेला तेव्हा तिने काही वाद घातला नाही. गादीवर कुशीला वळून दाखवलं, बस्स.

खांदा टेकला होता, खुबा टेकला होता आणि मधली कंबर ओढ्यावरच्या पुलासारखी अधांतरी होती. त्याने खाली हात घातला, तो पलीकडून बाहेर आला. गादी बोटभरही दबली नव्हती.

“गादी झकास आहे रे,” ताई म्हणाली. “तुझ्यासाठी.”

ताईचं वजन एक्केचाळीस किलो.

गादीवाल्याने मनात हिशेब मांडला. चाळीस वर्षं ज्या स्प्रिंगा वाकत होत्या, त्या कारागिरीमुळे नव्हे, त्याच्या पोटाला घाबरून. एकशे आठ किलोला जो आधार, तो एक्केचाळीसला ओटा. शिवाय हा कायम उताणा, आणि अर्धं जग कुशीवर झोपतं. गावभर त्याने एकाच माणसासाठी गाद्या करून ठेवल्या होत्या, आणि तो माणूस कोण, हे शोधायला आरशाचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने गादी आणि ताई, दोघींनाही कारखान्यात आणलं. कामाच्या लांब टेबलावर गादी उसवली. जाड स्प्रिंगा काढून बारीक तारेच्या घातल्या, काथ्याचा एक थर उचलला, फोम तीन इंच केला. मग ताईला धरून वर चढवलं. कंबरेखाली हात घालायचा, थर काढायचा, थर घालायचा. आधी खुबा फार बुडाला, कंबर वाकडी झाली. मग काथ्याचा थर परत घातला. शेवटी हात गेला, पण घासत गेला. खांदा आत, खुबा आत, पाठीचा कणा सुतासारखा सरळ.

“आता कसं वाटतं, ताई?”

ताई झोपली होती. कडा उघड्या, दाभण तिच्या उशाशी, आणि बाई गाढ झोपलेली.

कडा शिवायचं खडखडणारं मशीन लावायची सोय उरली नाही. त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याला एक किरकोळ अंगाचे मास्तर आठवले. पाठ धरते म्हणून ते दोनदा येऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा सवय होईल असंच ऐकून गेले होते. त्याने फोन लावला.

“मास्तर, वजन किती तुमचं?”

“पंचेचाळीस. का हो?”

“उद्या गादी परत पाठवा. नऊ वर्षं झाली, तुम्ही माझ्या गादीवर झोपताय.”