राईचं बाळंतपण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याच्यासमोर बसून मी जन्मभर दुसऱ्यांच्याच चुका सांगत आले. आधी मूर्खपणा सांगते, म्हणजे तुम्हाला हसून घेता येईल. पुढे हसणं जमणार नाही.

मी एका सव्वादोन किलोच्या कुत्रीला तिच्या तिप्पट कुत्रा दाखवला. मुद्दाम. आणि का, तर शेळ्यांचा कायदा तिला लावला.

माझं माहेर लामत्याचं. घरी शेळ्या होत्या. बाप म्हणायचा, बकरी कशीही असो, बोकड ताठ पाहावा, पिल्लू बापावर जातं. हे एवढं एक वाक्य घेऊन मी सासरी कटंगीला आले, आणि तेहतिसाव्या वर्षी स्वतःला जनावरांची जाणकार समजायला लागले. ती बाई आज मला रस्त्यात भेटली ना, तर तिचा कान धरून तिला चौकात उभी करीन. पण ती भेटत नाही. आरशात दिसते, तेही चष्मा लावल्यावर.

कुत्री माझी नव्हतीच. माझ्या भावानं नागपूरहून आणली ती माझ्या लेकीसाठी, वैशूसाठी. वैशू नऊ वर्षांची. पांढरी, झुपकेदार, कटंगीत कुणी पाहिली नसेल अशी इवलीशी पामेरियन. किराणावाल्याच्या तराजूत बसवून तोलली तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली. वैशूनं नाव ठेवलं राई.

राई वैशूची, पण मिरवायची मी. हळदीकुंकवाला बायका यायच्या त्या वाणासाठी नाही, राईसाठी. एकीनं म्हटलं, मला हिचं एक पिल्लू द्या. मी म्हटलं, दिलं. दुसरीनं म्हटलं. तिलाही दिलं. संक्रांत संपेपर्यंत मी सात पिल्लं वाटून टाकली होती — जिच्या पोटात धड एक वाटी भात मावत नव्हता, तिची.

आता पुढचं. इथं माझा हात जरा अडतो.

टोचणीसाठी राईला वारासिवनीला नेलं होतं, जनावरांच्या डॉक्टरांकडे. मी एकटीच गेले होते. त्यांनी सुई दिली, आपल्या नोंदीच्या पुस्तकात लिहिलं, मग राईच्या कमरेवर दोन बोटं ठेवून मला म्हणाले, "बाई, इसको कभी बच्चे मत होने देना. हड्डी बहुत छोटी है. बच्चा अटकेगा, तो ये भी जाएगी." साधं वाक्य. मला हिंदी येत नव्हती असं म्हणू? हिंदी मुलखातल्या कटंगीत राहून?

घरी येऊन मी वैशूला सांगितलं की राई सुईला रडली नाही. बाकीचं सांगितलं नाही.

महिनाभरातच राई माजावर आली. त्या बुधवारी सासूबाई बाजाराला गेल्या, वैशू शाळेत. मी राईला पिशवीत घातलं आणि राइसमिलवाल्यांकडे घेऊन गेले. त्यांचा कुत्रा पांढराच, पण अंगानं दांडगा. डॉक्टर हाड बघतात, आपण बोकड बघायचा — असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. दोन दिवसांनी पुन्हा नेलं. चुकून नाही. पुन्हा.

पोट आधी हाताला लागलं ते सासूबाईंच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यांना काय कळायला वेळ? वैशूनं विचारलं, कसं झालं हे? आणि माझ्या तोंडून — तोंडून काय, मीच — म्हटलं की आत्याबाई धान वाळवायला सारख्या ये-जा करत होत्या, परसदार उघडं राहिलं असेल, गल्लीतला एखादा कुत्रा शिरला असेल.

आत्याबाई परसदाराकडे वळून बघायला लागल्या. मला ते अजून दिसतं. बासष्ट वर्षांची बाई, कुणाच्या लग्नात कुणी काय नेसलं होतं ते सांगणारी, आणि ती स्वतःच्या डोक्यात ते दार शोधत होती. सापडलं नाही तिला. कसं सापडेल? तरी शेवटी म्हणाल्या, असंन व माय, माह्याच्यानंच राह्यलं असंन. इतकं सोपं असतं हे? माणसाच्या आठवणीत न घडलेली गोष्ट ठेवून देणं? मला वाटलं होतं, त्या भांडतील. मी भांडणाची तयारी करून बसले होते.

मग मी काय केलं असेल? राईची ओटी भरली. खरंच. हिरव्या खणाचा तुकडा तिच्या पाठीवर टाकून सात बायका बोलावल्या. पोहे केले. सगळ्या हसल्या, मी सगळ्यांत जास्त. आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

राईचे दोन महिने भरले आणि एका सकाळी आठच्या सुमारास राईला कळा सुरू झाल्या. वैशू शाळेत गेलेली. तासाभरात राईखालच्या फडक्यावर हिरवट पाणी दिसलं. पिल्लू नाही, नुसतं पाणी. आत्याबाईंनी फडकं उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, हे बरोबर नाई, चाल वारासिवनीले, आत्ता गाडी हाय.

मी म्हटलं, पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच. कोमट तूप दिलं. पोट चोळलं. फार आत्मविश्वासानं चोळलं.

तुम्हाला वाटेल मी अडाणी होते. तेच तर सांगायचं आहे — नव्हते. हिरवं पाणी बघितलं तेव्हाच मला डॉक्टरांची दोन बोटं आठवली होती. पण वारासिवनीला तेच डॉक्टर. तेच पुस्तक. ते आत्याबाईंसमोर म्हणतील, मी सांगितलं होतं ना. मग दाराचं काय होईल? मी त्या दाराचा विचार करत होते. राई कण्हत होती, आणि मी दाराचा विचार करत होते.

सकाळची गाडी गेली. भोंगा ऐकू आला. अकराची गेली. आत्याबाई दोनदा चप्पल घालून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मी दोनदा म्हटलं, थांबा.

साडेबाराला वैशू आली. तिनं दप्तरही काढलं नाही. राईला टोपलीत ठेवलं, खाली स्वतःचा फ्रॉक घातला आणि रस्त्यावर चालायला लागली. तेव्हा आम्ही दोघी तिच्या मागे निघालो. एका नऊ वर्षांच्या पोरीच्या मागे.

चौकात वारासिवनीची एक जीप मिळाली. डॉक्टरांनी तपासलं. कधीपासून, असं विचारलं. आत्याबाईंनी खरं सांगितलं, आठपासून. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग पुस्तक उघडलं, मग परत माझ्याकडे. त्यांचं तोंड उघडत होतं, तेवढ्यात मीच घाईनं बोलले, "साहब, घर का दरवाजा खुला रह गया था." माझ्या मागे आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला. डॉक्टरांनी तो पदर बघितला आणि पुस्तक मिटलं.

पिल्लू एकच होतं. सात नव्हे, एक. बापावर गेलेलं — अगदी माझा बाप म्हणायचा तसं. डोकं एवढं की राईच्या हाडातून ते कसं येणार होतं, देव जाणे. ओढून काढावं लागलं. मेलेलं होतं. मी बाळंतपणं बघितली आहेत, शेळ्यांचीही, बायांचीही, पण त्या टेबलावर जे बघितलं ते — तेवढ्याशा अंगातून तेवढं मोठं — माझ्या डोळ्यांनी ते अजून खाली ठेवलेलं नाही. राईच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. ती मान वळवत होती, पिल्लाकडे. हुंगायला. वळता येत नव्हतं तरी वळवत होती. डॉक्टर सुई भरत होते. सुई भरून होण्याआधीच ती मान थांबली.

वैशू दीड महिना आजीशी बोलली नाही. तिच्या हातचं जेवली नाही. ताट सरकवायची. मी समोर बसलेली असायची. मी वैशूला रागवायची, आजीशी असं वागतात का म्हणून. हो, एवढंही केलं मी.

आत्याबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. रोज दिवसातून कितीदा तरी उठायच्या आणि परसदाराची कडी हलवून बघायच्या. शेवटच्या आजारात चालता येईना, तर मला विचारायच्या, लावली काय व? मी म्हणायची, लावली. अकरा वर्षांत सांगायला एक दिवस सापडला नाही मला? सापडले. मोजके नाही, सगळेच सापडले.

वैशू आता बालाघाटला असते, मीही तिच्याचकडे. नातीजवळ एक ओंजळीएवढी कुत्री आहे. गेल्या महिन्यात नात मला मोबाईलवर कुठलातरी कुत्रा दाखवून म्हणाली, आजी, हिची पिल्लं घेऊ या का? मी अशी ओरडले की पोरगी दचकली. मग मी तिला समजावलं, हाड लहान असतं, पिल्लू अडकतं, आईचाही जीव जातो. सगळं डॉक्टरांचं, शब्द न शब्द. आणि आतून वैशू म्हणाली की आपल्या राईचं असंच झालं होतं, पणजीनं दार उघडं टाकलं होतं ना. नात म्हणाली, अरे देवा, पणजी.

मी बसून राहिले. काही बोलले नाही. म्हणजे मागच्या महिन्यातही नाही बोलले, हे लक्षात घ्या. बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या बाईला मी हसते खरी, पण ती काही फार लांब गेलेली नाही.

एक राहिलं. राई गेली त्याच्या दहाबारा दिवसांनी मी परसात भांडी घासत होते. आत्याबाई येऊन शेजारी बसल्या. एक पातेलं विसळून पालथं घातलं. मग माझा राखेनं भरलेला हात धरला आणि म्हणाल्या,

"दुसरी सून असती तं माह्या नावानं गल्ली डोक्यावर घेतली असती. तू मले एक शब्द नाई बोलली व माय. सख्खी लेकही असं झाकत नाई."