बाबांनी तपासलेलं पत्र

काल कूलरला नवा वाळा लावला. पाणी पडताच सुटलेल्या त्या वासाने मला तीस वर्षांपूर्वीचं, असाच कूलर असलेलं मलकापूरच्या एजंटचं ऑफिस आठवलं. मस्कतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागल्याचं माझं पत्र टेबलावर होतं.

बाबांनी ते उन्हात धरून शिक्का पाहिला. “एवढा मोठा दवाखाना, अन् त्याइले आमचीच पोरगी काऊन पायजे?” एजंट हसला, तसा त्यांचा संशय वाढला. मी शरमेने खाली बघत होते.

पत्रावरचा नंबर त्यांना नको होता. त्याच दवाखान्यात असलेल्या वडनेरच्या एका नर्सचा नंबर त्यांनी मिळवून आणला होता. एजंटच्याच फोनवरून त्यांनी तो लावायला सांगितला.

“हाव काका,” ती म्हणाली, “सुनीताचं नाव यादीत हाये. मी सोता पाह्यलं.”

मला वाटलं, आता बाबा निर्धास्त होतील. ते मात्र खुर्चीत मटकन बसले.

“म्हंजे खरंच हाये,” एवढंच म्हणाले.

तेव्हा वाटलं होतं, त्यांचा एजंटवर भरवसा नाही. आता माझ्या लेकीला जर्मनीत नोकरी लागली आहे, आणि तिच्या कागदांत मी आठवडाभर एखादी चूक शोधते आहे.