बंडीच्या खिशातला कॅमेरा

मी घर सोडलं त्या दिवशी आबांनी माझ्या दोन्ही बॅगांच्या चेना सुतळीनं आवळून बांधल्या होत्या. कुलूप होतं, तरीही. कारखान्यात कुलपाच्या दोन किल्ल्या निघतात, मग दुसरी कुणाकडं आहे हे आपल्याला काय ठाऊक, असं माझ्या वडिलांचं म्हणणं. वडापच्या जीपनं नसरापूरला उतरलो. विमानतळाकडं नेणारी गाडी आली तसा आबांनी तिचा नंबर तळहातावर लिहून घेतला, ड्रायव्हरला गाव विचारलं, आणि त्या गावातल्या एका माणसाचं नाव घेऊन "ह्येला वळखतोस का?" म्हणून तपासलं. ड्रायव्हर ओळखत नव्हता. "मंग गाव तुझंच कशावरनं?" आबा म्हणाले. आई पदर तोंडाला लावून उभी होती. ती रडत होती की हसत होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

गाडी सुटताना त्यांनी खिडकीत डोकं घालून एवढंच सांगितलं, "कुणी लई ग्वाड बोललं की पाकीट चाचपायचं." बस्स. जप, खा-पी, फोन कर, यातलं काही नाही.

याला आठ वर्षं झाली. मी नवऱ्याबरोबर कॅनडात कॅल्गरीला आले, एका फार्मसीत काम करते, आणि इथं सगळेच गोड बोलतात. पहिल्या वर्षी मी इतक्यांदा पाकीट चाचपलं की नवरा म्हणाला, तुझ्या बापाला इथं आणलं असतं तर विमानातच त्यानं पायलटचं गाव विचारलं असतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे कळेल. आपण पापड, गोधडी, चटणी सगळं बांधून नेतो आणि त्यात आईबापाचा स्वभावही न विचारता येतो.

आबांचा संशय उगाच आला नव्हता. आमचं गाव वेल्ह्याकडचं, गुंजवणीच्या धरणाच्या वरच्या अंगाला. धरणात आमची खालची, चांगली जमीन गेली. त्या वेळी जो कागद वाचून दाखवला आणि ज्यावर सही घेतली, ते दोन कागद वेगळे होते असं आबा अजून म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही. उरली ती भाताची चार खाचरं, म्हणजे उतारावर बांध घालून केलेली चार लहान शेतं. दोन आबांना, दोन माझ्या चुलत्याला, तात्यांना. तात्यांनी त्यांची दोन पुण्याच्या एका साहेबाला फार्महाऊससाठी विकली आणि त्याच जमिनीवर वॉचमन म्हणून राहिले. खाकी शर्ट, शिट्टी, पत्र्याची खोली. आपण विकलेल्या जमिनीची राखण पगार घेऊन करणारी माणसं आता आमच्या खोऱ्यात घरटी एक सापडतील. आबा तेव्हापासून तात्यांशी बोलत नाहीत.

मी एकुलती एक. म्हणजे आबांची दोन खाचरं पुढं माझीच. त्यावर आबांचं ठरलेलं वाक्य, दर फोनला, हवापाण्याच्या चौकशीसारखं: "म्या डोळं मिटलं की तू इकशील." मी नाही म्हटलं की म्हणायचे, "तात्याबी न्हाईच म्हनायचा."

हा माणूस आयुष्यात कुणाकडं काही मागत नाही. त्यामुळं दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी फोनवर घसा साफ करून "एक कॅमेरा मिळंल का?" म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला, की हे कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलंय.

"आबा, मोबाईल दिलाय की मी. त्यात कॅमेरा आहे."

"त्यो नगं. त्यातला फोटू गावभर हुतो. मला खिशातला फोटू खिशात ऱ्हायला पायजे."

अटी त्यांनी मोजून सांगितल्या. बंडीच्या आतल्या खिशात मावला पाहिजे. चिखलात पडला तरी चालला पाहिजे. दगडावर आपटला तरी फुटता कामा नये. बटण असं हवं की चिखलाच्या बोटांनीही दाबता यावं. आणि शेवटची अट: "फोटूवर तारीख आन् टाईम उमटला पायजे."

"कशाला?"

"तू घेनार हायेस का इचारनार हायेस?"

त्यांच्या वाढदिवसाची भेट म्हणून घेते म्हटलं. वाढदिवस कधी असतो हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही, पण भेट म्हटलं की आमच्यात कारण विचारत नाहीत.

मग मी कॅमेरे बघायला लागले. इंटरनेटवर लोकांनी दिलेले अभिप्राय वाचले आणि एकावरही माझा विश्वास बसेना. पाच-पाच तारे देणारे हे लोक कधी भातलावणीला उतरले होते का? कुणी समुद्रात नेलेला, कुणी बर्फात. "पन्नास फूट खोल पाण्यात चालतो," असं एका डब्यावर लिहिलं होतं. पाण्याचं ठीक आहे हो, आमच्या चिखलाचं काय? दुकानातल्या गोऱ्या पोरीनं विचारलं, कशासाठी हवाय, डायव्हिंग की स्कीइंग? मी म्हटलं, भातशेती. ती फार गोड हसली. मी पाकीट चाचपलं.

शेवटी एक तांबडा, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा घेतला आणि घरी आणून त्याची परीक्षा घेतली. ओट्यावरून फरशीवर तीनदा टाकला. कुंडीतली माती पातेल्यात कालवली आणि त्यात तासभर बुडवून ठेवला. दर वेळी बाहेर काढून स्वयंपाकघराच्या खिडकीचा फोटो काढायचा, की चालतोय ना. तारीख उमटवायची सोय यादीत खूप आत लपवलेली होती, ती शोधून चालू केली. सगळं जमलं. मग स्वच्छ पुसून, सुट्टीला पुण्याला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवून दिला.

आबा नसरापूरपर्यंत जाऊन तो घेऊन आले. संध्याकाळी फोन. "डब्याचं शील फुटलेलं व्हतं. त्या बाईनं वापारला जनू." मी उघडला होता, तपासायला, हे सांगितल्यावर म्हणाले, "बरं केलंस." आबांकडून एवढं म्हणजे सत्कारच.

त्यानंतर पाच महिने त्यांनी कॅमेऱ्याचा शब्द काढला नाही. संशय मला खाऊ लागला. मी आईला खोदून खोदून विचारलं. एकदा तिनं आवाज अगदी खाली नेऊन सांगितलं, "भावजींच्या पाळतीवर हायेत गं. साहेब शनवार-रविवार येतो आन् त्याच्या तारंच्या कुंपनाचं खांब आपल्या बांधात सरकत्यात. ह्ये दर सोमवारी सकाळी जाऊन फोटू काढत्यात."

खांब सरकत असतील तर सरकवणारा कोण? राखणीला तर तात्याच. याच तात्यांनी मला शाळेत असताना ओढ्याला पाणी आलं की खांद्यावर बसवून पलीकडं नेलं होतं, चार पावसाळे. आणि मी इथून हजारो मैलांवरून, एवढी चौकशी करून, बुडवून, आपटून एका भावाच्या हातात दुसऱ्या भावाविरुद्ध न फुटणारं हत्यार दिलं होतं. कॅमेरा बिघडावा अशी मी मनोमन इच्छा केली. पण मीच तो बिघडणार नाही असा निवडला होता.

भात निघालं आणि आबांनी जमिनीची सरकारी मोजणी मागवली. मोजणीच्या दिवशी बांधावर साहेब, त्याचा माणूस, मोजणीवाले, पंच म्हणून गावातले चौघे, आणि खाकी शर्टातले तात्या. आबांनी बंडीतून फोटोंची चळत काढली. नसरापुरात छापून आणले होते. प्रत्येक फोटोत खांब, खांबाला टेकवलेली आबांची काठी मापाला, आणि खाली पिवळ्या आकड्यांत तारीख आणि वेळ. आकडे उमटलेत एवढंच आबांनी पाहिलं होतं; इतके बारीक त्यांच्या डोळ्यांना वाचता येत नव्हते.

साहेबाच्या माणसानं एक फोटो हातात घेतला, दुसरा घेतला, आणि हसायला लागला. "बाबा, रात्रीचे साडेनऊ? आणि एवढं लख्ख ऊन?" सगळ्याच फोटोंवर रात्रीचे नऊ-साडेनऊ. तारीखही सोमवारची नाही, रविवारची. "फोटो बनवून आणलेत म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. चौघेही हसले. मोजणीवालेही हसले म्हणे.

आबांनी तिथूनच मला फोन लावला. माझी रात्र होती. मी अंथरुणातून उठून बसले. त्यांनी आधी छापणाऱ्याला शिव्या घातल्या, मग त्या पुण्याच्या बाईला, आणि मग एकदम आवाज बदलला. "बाय, ह्येचं घड्याळ तू लावलंवतंस का?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीचे फोटो काढताना भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ घातली होती. कॅल्गरीची. आबांच्या सकाळी नऊला माझ्याकडं आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात. मी त्यांना माझ्या वेळेवर चालणारा पुरावा पाठवला होता. आठ वर्षांत इतकी इथली झाले होते की दुसरी वेळ असू शकते हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. यंत्र बिघडलं असेल, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही.

"हो आबा. मीच लावलं."

फोन तसाच चालू राहिला आणि पलीकडचं हसणं मला ऐकू येत राहिलं. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना खोटं ठरवलं, त्याला माझ्यापायी चार लोकांत खोटं ठरताना मी ऐकत होते. मला ते सहन होईना आणि फोनही ठेवता येईना.

तेवढ्यात तात्यांचा आवाज आला. फोनपासून लांबून, पण चढलेला.

"दादाला हसू नगा! खोटं करायचं आसतं तर दादानं टाईम तरी नीट घातला आसता. फोटू सोमवार सकाळचंच हायेत. म्या खोलीतनं बगत व्हतो." मग आणखी मोठ्यानं, "आन् खांब म्याच हालीवल्यात. सायबांनी सांगितलं म्हनून. दोन हात आत आल्यात. मोजा."

कोणी हसलं नाही त्यानंतर. मोजणी झाली, तात्या म्हणाले तेवढेच दोन हात निघाले, हद्दीचा नवा दगड पुरला. तात्यांची नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. म्हणजे आबांचा संशय खरा होता. भावानंच भावाचा बांध खाल्ला होता, दर शनिवारी, बोटबोट. ते त्याला करवलं. पण त्या भावाला परका हसला, ते करवलं नाही. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "चोरी कबूल केली म्हंजे लई मोठा झाला का? कायतरी डाव आसंल." पण आईनं त्याच आठवड्यात नव्या तांदळाचं पोतं तात्यांच्या घरी पोचवलं आणि आबांनी ते पाहिलंच नाही असं केलं.

या जानेवारीत मी गावी गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "चल, बांधावर जायचंय." गेलो तर तिथं तात्या उभे. खाकी शर्ट नव्हता. साधा सदरा, आणि कसं उभं राहावं ते न कळल्यासारखे उभे. आबांनी मला नव्या दगडाच्या एका बाजूला उभं केलं, स्वतः दुसऱ्या बाजूला आले.

"हितनं त्या आंब्यापातूर आपलं," ते मला म्हणाले. "बगून घे. फोटू ऱ्हाईल. उंद्या म्हनशील, मला कुनी दाकीवलंच न्हाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही. कॅल्गरीत माझा शब्द सगळे मानतात, कुणी माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करत नाही, कारण तिथं माझ्या शब्दावर कुणाचंच काही अवलंबून नाही. इथं एक म्हातारा मला साक्षीदारासमोर हद्द दाखवून बांधून घेत होता. आठ वर्षांत मला इतकं घरचं कुणी समजलं नव्हतं. मी रडले, आणि आबांनी "तोंड पूस, फोटूत वळखू यायचं न्हाई" म्हणून दटावलं.

मग त्यांनी बंडीतून तो तांबडा कॅमेरा काढला आणि सहा महिने ज्याच्यावर रोखला होता त्याच माणसाच्या हातात दिला.

"दाब."

तात्यांनी दाबला. आबांनी जाऊन फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला, आणि मान वर न करता म्हणाले, "दगुड कापलास. मुद्दामच. पुन्ना काढ."

तात्यांनी पुन्हा काढला. आबांनी पुन्हा पाहिला, पुन्हा काढायला लावला. ऊन चांगलं वर येईपर्यंत ते दोघं भाऊ तिथं भांडत उभे होते, आणि मी हद्दीवर हलायचं नाही म्हणून उभी होते.